चित्रकारांचें शिक्षण : पूर्वींचें व आतांचें

कांहीं दिवसांपूर्वीं चित्रकलेच्या तासाला आठवीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आम्हांला एक प्रश्न विचारला. फळ्यावर एक छापील पान लाविलेलें होतें व त्यावरील वेलबुट्टी मुलें आपापल्या वहींत उतरवीत होतीं. हा मुलगा उभा राहिला व नम्रपणें म्हणाला, "सर, गणिताच्या तासाला दुसऱ्याच्या वहींतून उतरविलें तर त्याला नक्कल म्हणतात व शिक्षा होते. या तासाला मात्र जो हुबेहूब नक्कल करील त्याला अधिक गुण मिळतात. हें कसें?" वर्गांत हशा पिकला, पण प्रश्न हसण्यावारीं नेण्यासारखा नव्हता. त्या वेळीं आम्हीं जें उत्तर दिलें त्यानें त्या मुलाचें समाधान झालें नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर आमचेंही झालें नाहीं.

पुढें विचार करितां असें वाटलें कीं, हा प्रश्न एकट्या त्या मुलाचा नव्हे. चित्रकारांना शिकविण्याची रीत गेल्या सहाशें वर्षांत अनेक वेळां बदलली, आणि प्रत्येक वेळीं हाच प्रश्न वाटेंत उभा राहिला. शिकणाऱ्यानें कोणाची नक्कल करावी, किती दिवस करावी आणि ती केव्हां सोडावी? हा इतिहास थोडक्यांत सांगून त्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें कीं काय, हें या लेखांत पाहूं.

कारखान्यांतील उमेदवारी

मध्ययुगाच्या अखेरीस युरोपांत चित्रकला शिकविणारी अशी शाळा नव्हती. सुतार, सोनार यांच्याप्रमाणेंच चित्रकारही कारागीर समजला जाई व त्याचें शिक्षण कारखान्यांत होई. इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत चित्रकार ज्या व्यावसायिक संघांत मोडत, तो संघ मुळांत वैद्यांचा व औषधें विकणाऱ्यांचा होता. कारण चित्रकाराला लागणारे रंग औषधांच्या दुकानांतच मिळत. मुलगा जाणता झाला कीं बाप त्याला एखाद्या उस्तादाच्या स्वाधीन करी, आणि मुलगा त्याच्या कारखान्यांत उमेदवारी करूं लागे.

या उमेदवारींत काय शिकवीत असत याचें तपशीलवार वर्णन चेन्निनो चेन्निनी या चित्रकारानें इ. स. १४०० च्या सुमारास लिहिलेल्या पुस्तकांत सांपडतें. चेन्निनी हा आन्योलो गाद्दी याच्या हाताखालीं बारा वर्षें शिकला. आन्योलो आपल्या बापापाशीं, म्हणजे ताद्देओ गाद्दीपाशीं शिकला, आणि ताद्देओ हा जोत्तो या थोर चित्रकाराचा शिष्य होता. आपल्याकडील गवई जशी आपल्या घराण्याची परंपरा सांगतो, तशीच ही परंपरा चेन्निनी अभिमानानें सांगतो.

त्याच्या मतें ही कला हस्तगत होण्यास तेरा वर्षें लागतात. पहिलें वर्ष केवळ रेखाटनाचें. वीतभर लाकडी फळीवर हाडें जाळून केलेली पांढरी भुकटी चोळावयाची आणि रुप्याच्या टोंकदार लेखणीनें तिच्यावर रेखाटावयाचें. त्यानंतर सहा वर्षें रंग वाटणें, सरस शिजविणें, चित्राच्या फळ्यांना पांढरा लेप देणें, सोन्याचा वर्ख चढविणें हीं कामें. त्यापुढील सहा वर्षें प्रत्यक्ष रंगकामाचीं व भिंतीवरील चित्रांचीं. आणि या तेराही वर्षांत, सणाचा दिवस असो वा कामाचा, रेखाटन एकही दिवस चुकवावयाचें नाहीं. हिंगुळाविषयीं तर त्याचें म्हणणें असें कीं, तो वीस वर्षें रोज वाटीत बसलें तरी अधिकच चांगला होत जाईल. आजचा विद्यार्थी रंगाची नळी दाबून रंग काढतो, त्याला हें वाचून नवल वाटेल.

नकलेविषयीं चेन्निनीचें मत स्पष्ट आहे. शिकणाऱ्यानें एकच उत्तम उस्ताद निवडावा व त्याच्याच चित्रांवरून शिकावें. आज याची व उद्यां त्याची नक्कल करणाराचा हात कोठेंच स्थिर होत नाहीं. परंतु याच पुस्तकांत तो हेंही बजावतो कीं, सर्वांत श्रेष्ठ मार्गदर्शक म्हणजे प्रत्यक्ष सृष्टि. तिच्यावरून रेखाटण्याची संवय कधीं सोडूं नये. म्हणजे त्या काळींही नक्कल व निरीक्षण या दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या.

कारखान्यांत नक्कल आवश्यक होती याचें एक व्यावहारिक कारणही होतें. मोठ्या चित्रावर उस्तादाबरोबर तीन-चार उमेदवार काम करीत. कोणी आकाश रंगवी, कोणी वस्त्रें, कोणी मागील डोंगर. चित्र मात्र एकाच हातचें दिसलें पाहिजे, कारण तें उस्तादाच्या नांवावर विकलें जाणार. तेव्हां उमेदवाराचा हात उस्तादाच्या हातासारखा वळणें हा पोटापाण्याचा प्रश्न होता. नक्कल हें तेथें साधन होतें, आणि त्या साधनाचा उपयोग काय हें शिकणाऱ्याला रोज डोळ्यांसमोर दिसत असे.

या कारखान्यांतून कशा प्रतीचीं माणसें बाहेर पडलीं हें सर्वांना ठाऊकच आहे. लिओनार्दो दा व्हिंची हा व्हेरोक्क्यो याचा उमेदवार. उस्तादाच्या एका चित्रांत लिओनार्दोनें एक देवदूत रंगविला. तो पाहून व्हेरोक्क्योनें पुन्हा रंगाला हात लाविला नाहीं, अशी आख्यायिका चरित्रकार व्हासारी यानें दिली आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तें चित्र आजही फ्लॉरेन्स येथें आहे व तो देवदूत वेगळ्या हाताचा आहे हें पाहणाराला कळतें. मायकेलँजेलो याला त्याच्या बापानें १४८८ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षीं, घिर्लांदायो याच्या कारखान्यांत तीन वर्षांच्या करारानें ठेविलें. या कराराप्रमाणें उस्तादानें मुलाला पहिल्या वर्षीं ६, दुसऱ्या वर्षीं ८ व तिसऱ्या वर्षीं १० असे एकूण २४ फ्लोरिन द्यावयाचे होते. उमेदवाराला उलट वेतन मिळावें, यावरून त्या मुलाचा हात किती तयार होता हें दिसून येतें.

तथापि या पद्धतीचे दोषही ध्यानांत घेतले पाहिजेत. उस्ताद चांगला भेटला तर मुलाचें कल्याण. नाहीं तर वर्षानुवर्षें रंग वाटण्यांतच आयुष्य जावयाचें. कांहीं उस्ताद आपल्या कलेंतील खुब्या शेवटपर्यंत लपवून ठेवीत. ज्याच्या बापाची ओळख नाहीं त्याला कारखान्याचें दार उघडणें कठीण होतें.

अकादमीचा उदय

सोळाव्या शतकांत इटलींतील चित्रकारांना एक गोष्ट बोचूं लागली. कवि, गणिती, तत्त्वज्ञ यांना समाजांत मान मिळे. चित्रकार मात्र कारागिरांच्या पंक्तीला बसे. चित्र हें केवळ हाताचें काम नसून बुद्धीचेंही आहे, हें जगाला पटवावें या हेतूनें व्हासारी यानें पुढाकार घेतला आणि ड्यूक कोसिमो द मेदिची याच्या आश्रयानें १५६३ सालीं फ्लॉरेन्स येथें रेखनकलेची अकादमी स्थापन झाली. तेथें भूमिति, शरीररचना, यथार्थदर्शन असे विषय शिकविण्यांत येऊं लागले. पुढें वीस वर्षांच्या आंत बोलोन्या शहरीं कार्राची घराण्यांतील तिघा चित्रकारांनीं आपली अकादमी काढली. तेथें प्रत्यक्ष माणूस समोर बसवून रेखाटन करण्यावर विशेष भर होता.

या संस्थांना खरें सामर्थ्य प्राप्त झालें तें फ्रान्समध्यें. पॅरिस येथें १६४८ सालीं राजाश्रयानें चित्र व शिल्प यांची अकादमी निघाली. पुढें चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर व चित्रकार ल ब्रँ यांनीं तिला कडक शिस्त लावून दिली. शिक्षणाच्या पायऱ्या ठरल्या. प्रथम छापील चित्रांवरून व रेखाटनांवरून नक्कल; ती साधली म्हणजे प्राचीन ग्रीक व रोमन मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन; आणि तेंही साधलें म्हणजे मग जिवंत माणसावरून. एक पायरी पुरी झाल्यावांचून पुढील पायरीवर पाऊल टाकतां येत नसे. जो सर्वांत पुढें जाईल त्याला रोमचें पारितोषिक मिळे व सरकारी खर्चानें तो रोम येथें राहून अभ्यास करी. रोम येथील फ्रेंच अकादमी १६६६ सालीं स्थापन झाली.

आश्चर्याची गोष्ट अशी कीं, या प्रसिद्ध शाळेंत रंगवावयाला शिकवीत नसत. तेथें शिकवीत तें रेखाटन. रंगकाम विद्यार्थ्यानें एखाद्या चित्रकाराच्या खासगी चित्रशाळेंत जाऊन शिकावें अशी रीत होती. राज्यक्रांतींत जुनी अकादमी १७९३ सालीं बंद पडली व तिच्या जागीं दुसरी शाळा आली. परंतु शाळेंत रंगकामाचे वर्ग सुरू होण्यास १८६३ साल उजाडावें लागलें.

अकादमीनें जगावर उपकार केले हें नाकारतां येणार नाहीं. उस्तादाची लहर गेली व अभ्यासक्रम आला. खुब्या लपविण्याचें संपलें. शरीरशास्त्र व यथार्थदर्शन शिकण्याची इच्छा असलेल्या मुलाला तें उघडपणें शिकतां येऊं लागलें. पण एक गोष्ट हरवली. कारखान्यांतील मुलगा नक्कल करी ती उद्यांच्या कामासाठीं. अकादमींतील मुलगा नक्कल करूं लागला ती परीक्षेसाठीं. पायरी हें चढण्याचें साधन. परंतु त्या पायरीवरच बक्षीस ठेविलें म्हणजे पुष्कळ जण तेथेंच बसून राहतात. एकोणिसाव्या शतकांत अनेक तरुण चित्रकार अकादमीवर रागावले तें याच कारणानें. त्यांना प्लॅस्टरची मूर्ति नको होती. खिडकीबाहेरचें ऊन हवें होतें.

दाराबाहेर राहिलेल्या

या इतिहासांतील एक भाग फारसा सांगितला जात नाहीं. आमच्या वाचकभगिनींसाठीं तरी तो येथें सांगणें आवश्यक आहे.

अकादमीच्या शिक्षणाची शेवटची व सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे जिवंत माणसावरून रेखाटन. या वर्गांत मॉडेल बहुधा विवस्त्र असे, म्हणून तेथें स्त्रियांना प्रवेश नव्हता. आणि ती पायरी चढल्यावांचून ऐतिहासिक विषयांवरील भव्य चित्रें, जीं त्या काळीं सर्वश्रेष्ठ मानलीं जात, काढतां येत नसत. दार एकच बंद होतें, पण त्यामुळें पुढचा सारा रस्ता बंद झाला. स्त्रियांनीं फुलें काढावीं, व्यक्तिचित्रें काढावीं आणि मग स्त्रियांना भव्य चित्रें जमत नाहींत असा निकाल पुरुषांनीं द्यावा, असा हा न्याय होता.

पॅरिसच्या अकादमींत एका वेळीं चारांहून अधिक स्त्री-सभासद असूं नयेत असा निर्बंध १७७० सालीं घालण्यांत आला. लंडनची रॉयल अकॅडमी १७६८ सालीं निघाली तेव्हां तिच्या संस्थापक सभासदांत अँजेलिका कॉफमन व मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. परंतु झोफनी या चित्रकारानें सभासद मॉडेलच्या वर्गांत जमले आहेत असें जें चित्र काढलें, त्यांत या दोघी प्रत्यक्ष उभ्या नाहींत. त्यांचीं केवळ चित्रें भिंतीवर टांगलेलीं दाखविलीं आहेत! संस्थेच्या संस्थापक असून तिच्या वर्गांत उभें राहण्याचा अधिकार त्यांना नव्हता. पुढें पूर्ण सभासद म्हणून पुन्हा एक स्त्री, लॉरा नाइट, निवडून येण्यास १९३६ साल उजाडलें. मध्यंतरीं १६८ वर्षें गेलीं.

याच संस्थेच्या शाळेंत १८६० सालीं एक गंमत घडली. प्रवेशासाठीं आलेल्या रेखाटनांत एक उत्तम रेखाटन होतें व त्यावर 'एल्. हर्फर्ड' एवढीच सही होती. परीक्षकांनीं तें पसंत केलें. मागाहून उमजलें कीं 'एल्.' म्हणजे लॉरा! स्त्रियांना घेऊं नये असा लेखी नियम कोठेंच नव्हता. तसें कोणाच्या ध्यानींमनींही आलें नव्हतें. लॉरा हर्फर्डला प्रवेश द्यावा लागला. तरीही वस्त्रांकित मॉडेलवरून रेखाटन करण्याची मुभा तेथील विद्यार्थिनींना १८९३ सालीं मिळाली. पॅरिसच्या सरकारी शाळेनें तर स्त्रियांना १८९७ सालीं प्रथम दार उघडलें.

आपल्या देशांत

आतां आपल्या देशाकडे वळूं. चित्रविद्येचा विचार आपल्याकडे फार प्राचीन आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणांत एक संवाद आहे. वज्र नांवाचा राजा मार्कंडेय ऋषींना मूर्ति घडविण्याची विद्या शिकविण्याची विनंति करितो. ऋषि सांगतात कीं, चित्र जाणल्यावांचून मूर्ति कळणार नाहीं; चित्रासाठीं नृत्य जाणलें पाहिजे; नृत्यासाठीं वाद्य, आणि वाद्यासाठीं गायन. एका कलेचें शिक्षण दुसरीपासून तोडतां येत नाहीं, हा विचार युरोपांतील कोणत्याही अकादमीच्या नियमांहून अधिक व्यापक आहे.

प्रत्यक्ष व्यवहारांत मात्र ही विद्या घराण्यांतून चालत आली. सावंतवाडीचे चितारी गंजिफा व लांकडी खेळणीं रंगवीत. जवळच्या पिंगुळी गांवचे ठाकर चित्रकथींच्या पोथ्या पिढ्यान् पिढ्या सांभाळीत आले. मुलगा बापाशेजारीं बसून शिके. येथेंही गुण व दोष फ्लॉरेन्सच्या कारखान्यासारखेच होते. घरच्या मुलाला सर्व मिळे. परक्याला दार बंद. राजा रविवर्मा याची गोष्ट या दृष्टीनें बोधप्रद आहे. त्रावणकोरच्या दरबारांतील तैलरंगांत निष्णात असलेल्या चित्रकारानें त्याला शिकविण्याचें नाकारलें, असें त्याच्या चरित्रांत सांगितलें जातें. पुढें १८६८ च्या सुमारास थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार राजवाड्यांत चित्रें काढण्यास आला, तेव्हां तो काम करीत असतांना पाहत बसण्यापुरती परवानगी या तरुणाला मिळाली. हातीं कुंचला कोणी दिला नाहीं. केवळ डोळ्यांनीं पाहून त्यानें तैलरंगाची रीत आत्मसात केली.

मुंबईंत सर जमशेटजी जिजीभाई यांनीं दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगींतून १८५७ सालीं कलाशाळा सुरू झाली. तीच आजची सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट. मद्रास व कलकत्ता येथें अशा शाळा थोड्या आधीं निघाल्या होत्या. या शाळांचा मूळ हेतु चित्रकार निर्माण करण्याचा नसून येथील कारागिरांना रेखाटन शिकवून हस्तव्यवसाय सुधारण्याचा होता. लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथें ठरविलेला अभ्यासक्रम येथें आला: सरळ रेषा, भूमितीच्या आकृति, छापील नमुन्यावरून वेलबुट्टी आणि मग प्लॅस्टरच्या ग्रीक मूर्ति. विद्यार्थिमित्रांनो, आमच्या वर्गांतील फळ्यावर लाविलेलें तें छापील पान कोठून आलें, हें आतां तुमच्या ध्यानांत येईल. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या ज्या परीक्षांना तुम्ही बसतां, त्यांच्या मुळाशींही तीच परंपरा आहे.

ही शाळा केवळ नकलेंतच अडकून पडली असती. पण दोन गोष्टींनीं तिला प्रत्यक्ष जीवनाशीं जोडलें. पहिली म्हणजे मुंबईच्या इमारती. १८६५ सालीं लॉकवुड किपलिंग हे शिल्पाचे शिक्षक म्हणून आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरील कोरीव शिल्पें त्यांच्या कल्पनेचीं आहेत. पुढें बोरीबंदरचें जें स्थानक १८८८ सालीं पुरें झालें व ज्याला आज छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, त्याच्यावरील नक्षीकामांत या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. आगगाडीनें मुंबईस गेलांत तर घटकाभर थांबून त्या भिंतींवरील पानें, पक्षी व प्राणी पाहा. ती शिकणाऱ्यांची वही आहे.

दुसरी गोष्ट अजिंठ्याची. तेथील भिंतीवरील चित्रांच्या प्रतिकृति प्रथम मेजर रॉबर्ट गिल यांनीं १८४४ पासून अनेक वर्षें खपून केल्या. पण लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ सालीं आग लागून त्यांपैकीं बहुतेक जळाल्या. तेव्हां कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन तें काम पुन्हा हातीं घेतलें. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतील प्रमुख. अंधाऱ्या लेण्यांत, उन्हाळ्याच्या आधीं जितके दिवस मिळतील तितके, असें हें काम १८८५ पर्यंत चाललें. आणि दैवाची विचित्र गति अशी कीं, त्याच वर्षीं लंडन येथें पुन्हा आग लागून त्यांतील अनेक प्रतिकृतींची राख झाली. परंतु ज्यांनीं त्या केल्या त्यांच्या डोळ्यांना जें शिक्षण मिळालें, तें आगींत जळण्यासारखें नव्हतें. हीही नक्कलच होती. पण परक्या देशांतील मूर्तीच्या प्लॅस्टरची नक्कल आणि आपल्याच भूमींतील, हजार-दीड हजार वर्षांपूर्वींच्या श्रेष्ठ चित्रकारांच्या रेषेची नक्कल यांत अंतर आहे.

या शाळेंतून महाराष्ट्राला मोलाचीं माणसें मिळालीं. गणपतराव म्हात्रे यांनीं 'मंदिरपथगामिनी' हा पुतळा घडविला तो १८९६ सालीं, शाळेंतील तरुण विद्यार्थी असतांना. पुतळ्याची बांधणी युरोपीय शिक्षणाची. पण ती पूजेस निघालेली स्त्री, तिचें नेसणें, तिच्या चालण्यांतील मार्दव सर्वस्वीं आपल्याकडील. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर हे १८९० सालीं विद्यार्थी म्हणून आले, तेथेंच शिक्षक झाले व पुढें संचालकपदापर्यंत चढले. 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' या त्यांच्या आत्मवृत्तांत त्या काळच्या शाळेचें चित्र पाहावयास मिळतें. त्यांची कन्या अंबिका हिनेंही याच शाळेंत शिकून पदविका मिळविली. जें दार पॅरिस व लंडन येथें इतकीं वर्षें बंद होतें, तें येथें एका बापानें आपल्या मुलीसाठीं उघडें ठेविलें.

पुन्हा कारखान्याकडे

कलकत्त्याच्या शाळेंत ई. बी. हॅवेल हे १८९६ सालीं आले. त्यांनीं तेथील युरोपीय प्रतिकृति बाजूला सारून विद्यार्थ्यांपुढें मोगल व इतर भारतीय चित्रें ठेविलीं. यावर विद्यार्थ्यांनींच चळवळ केली. साहेब आम्हांला खऱ्या कलेपासून वंचित करीत आहेत, असें त्यांना वाटलें. पिढ्यान् पिढ्या एकच नमुना समोर ठेविला म्हणजे तोच सत्य वाटूं लागतो, याचें हें उदाहरण आहे. पुढें अवनींद्रनाथ टागोर यांचे शिष्य नंदलाल बोस व त्यांचे सोबती १९०९ ते १९११ या काळांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्यास आले व त्यांनींही त्या भिंतींवरून शिक्षण घेतलें. शांतिनिकेतनांत १९१९ सालीं सुरू झालेल्या कलाभवनांत नंदलालबाबूंनीं वर्गाच्या भिंतीच पातळ केल्या. झाडें, जनावरें, संथाळांचीं घरें, गांवांतील रांगोळ्या हे तेथील नमुने झाले, व विद्यार्थी गुरूबरोबर इमारतींच्या भिंती रंगवूं लागले.

त्याच १९१९ सालीं जर्मनींत वायमार येथें वाल्टर ग्रोपियस यांनीं बाउहाउस नांवाची शाळा काढली. तेथें प्रारंभींच्या वर्गांत नक्कल मुळींच नव्हती. लांकूड, कागद, कांच, सूत हे पदार्थ हाताळून त्यांचे गुणधर्म ओळखावयाचे. मग प्रत्येक कारखान्यांत एक कलाकार व एक कसबी कारागीर असे दोन गुरु शिकवीत. अकादमीनें तोडलेलें हात व बुद्धि यांचें नातें पुन्हा जोडण्याचा हा प्रयत्न होता. राजकीय छळामुळें ही शाळा १९३३ सालीं बंद पडली. अवघीं चौदा वर्षें ती चालली, तरी आज जगांतील बहुतेक कलाशाळांच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमावर तिची छाप आहे. आपल्याकडे बडोदें येथील विद्यापीठांत १९५० सालीं ललितकलांचा विभाग सुरू झाला. इंदूरला देवळालीकर मास्तरांपाशीं घडलेले नारायण श्रीधर बेंद्रे यांनीं तेथें अनेक वर्षें चित्रकला शिकविली. तेथें शिक्षक विद्यार्थ्यांशेजारीं बसून स्वतःचीं चित्रें काढीत, आणि हेंही जुन्या कारखान्याचेंच एक रूप होय.

प्रश्नाचें उत्तर

आतां आमच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊं. गणितांतील नक्कल ही शिक्षेस पात्र कां? कारण तेथें उत्तर उतरविलें जातें, पण रीत उमगत नाहीं. चित्रकलेंतील नक्कल उपकारक केव्हां? नमुन्यावर हात फिरवितांना तो काढणारानें ती रेषा तशीच कां वळविली, हा विचार मनांत चालू असेल तेव्हां. हा विचार नसेल तर चित्रकलेच्या वहींतील नक्कल ही गणिताच्या वहींतील नकलेइतकीच निरुपयोगी, मग तिला पैकींच्या पैकीं गुण कां मिळेनात. म्हणजे मुलाची शंका अर्धी खरी होती, व ती काढल्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों.

सहाशें वर्षांच्या अनुभवावरून तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली, नक्कल करावी ती उत्तमाची करावी, आणि तिच्याबरोबर प्रत्यक्ष सृष्टीकडे पाहणें एक दिवसही सोडूं नये. दुसरी, नक्कल कशासाठीं करीत आहों तें ठाऊक असावें. पुढें काम नसेल तर पायरीचा ओटा होतो. तिसरी, शिक्षणाचें दार कोणासाठीं बंद आहे याकडे नेहमीं लक्ष असावें. लॉरा हर्फर्डनें सहींत नांव आंखडलें नसतें, रविवर्म्याला राजवाड्यांत उभें राहूं दिलें नसतें, तर त्यांची कला वाढली नसती. आणि जे तसे उभेच राहूं शकले नाहींत, त्यांची नांवें आज कोणालाही सांगतां येणार नाहींत.

यासाठीं आमच्या वर्गांत आम्हीं एक बदल केला आहे. छापील पान फळ्यावरून काढलें नाहीं. परीक्षा आहे तोंवर त्याचा सराव हवाच. पण तासाचा अर्धा वेळ त्याला व उरलेला अर्धा वेळ शाळेच्या आवारांतील पिंपळाला दिला आहे. प्रथम पानावरील वेल उतरवावयाची. मग बाहेर जाऊन खऱ्या पानाचा देंठ कोठें वळतो व शिरा कशा फुटतात तें पाहावयाचें. आणि मग छापील वेल काढणारानें काय घेतलें व काय गाळलें तें वहींत दोन ओळींत लिहावयाचें. ज्या मुलानें प्रश्न विचारला त्यानें पहिल्याच दिवशीं लिहिलें कीं, छापील वेलीची सर्व पानें सारखीं आहेत, झाडावरचीं दोन पानें मात्र कोठेंही सारखीं सांपडलीं नाहींत. त्या वेळीं द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर त्याचें त्यालाच मिळालें, असें आम्ही समजतों.